गर्भ पिशवीबाहेर पोटात वाढतोय, हे डॉक्टर कसं ओळखतात?

तुमच्या पेठच्या वहिनींना पाचवा महिना आहे, बाळ हललं की कळ जाते आणि सोनोग्राफीत 'गर्भ पिशवीबाहेर असल्याची शंका' असं लिहिलंय. ठोके नीट असताना शंका कशाची, असं तुम्ही विचारलंय. मी नाशिकमध्ये स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. आधी एक सांगते: उद्यावर ढकलू नका, आजच निघा. सुईणीकडून पोट चोळून तर मुळीच घेऊ नका.

ठोके नीट आहेत म्हणजे बाळ जिवंत आहे. ते कुठे आहे, हे ठोक्यांवरून कळत नाही. पिशवीबाहेरचे बहुतेक गर्भ गर्भनळीत असतात आणि दीड-दोन महिन्यांतच त्रास देतात. पोटात रुजणारे त्यांतले जेमतेम 1 टक्का. बरेचदा ते नळीतून सुटून आतड्यावर किंवा पिशवीच्या मागे चिकटतात आणि जागा मिळाल्यामुळे वाढत राहतात.

सोनोग्राफीत मी बाळाकडे नंतर बघते. आधी पिशवीचं तोंड शोधते आणि तिथून वर सरकत जाते. एरवी पिशवीचा स्नायू बाळाला चहूबाजूंनी वेढलेला दिसतो. इथे पिशवी रिकामी, बाळापासून वेगळी पडलेली दिसते आणि बाळ व लघवीची पिशवी यांच्यामध्ये स्नायूचा थरच नसतो. बाळाभोवती पाणीही अनेकदा कमी असतं. दिवस वाढले की स्नायू तसाही ताणून पातळ होतो, त्यामुळे फक्त बाळाची मापं घेणाऱ्याच्या नजरेतून हे सहज निसटतं. म्हणून ज्यांनी शंका लिहिली, त्यांचं मला कौतुक वाटतं. 'बाळाभोवती पिशवीचा स्नायू दिसतोय का?' हा प्रश्न नव्या डॉक्टरांनाही नेमका विचारा. दुशिंगी पिशवीतही, म्हणजे जन्मतः दोन भागांत विभागलेल्या गर्भाशयातही, असा घोटाळा होतो. खात्रीसाठी आणि वार कशाला चिकटली आहे हे बघायला एमआरआय करतात. बीटा एचसीजी या रक्ततपासणीचा उपयोग सुरुवातीच्या आठवड्यांत. पाचव्या महिन्यात त्यावरून जागा ठरत नाही.

हातानेही अंदाज येतो. बाळ आडवं असतं, त्याचे हातपाय अगदी कातडीखाली लागतात, पिशवीचं तोंड एका बाजूला सरकलेलं असतं. आधी नळीचं ऑपरेशन, टीबी किंवा टेस्ट ट्यूब बेबीचे उपचार झाले असतील तर लगेच सांगा. गर्भनळीचा टीबी आपल्याकडे विसरून चालत नाही.

रक्तपेढी आणि पोटाचे सर्जन हाताशी असतील अशाच ठिकाणी न्या. नाशिकच्या त्र्यंबक रोडचं सिव्हिल हॉस्पिटल जवळचं. वार ओढून काढली तर रक्तस्राव आवरत नाही, म्हणून ऑपरेशनमध्ये ती बरेचदा आतच सोडतात. सगळे जुने रिपोर्ट आणि रक्तगट सोबत घ्या, रक्त देऊ शकतील असे दोघं-तिघं बरोबर आणा. चक्कर, घाम, पोट ताठ होणं, खांद्याच्या टोकाला दुखणं यांतलं काहीही झालं तर पोटात रक्त साचत असू शकतं. 108 ला फोन करा. पेठहून सावळ घाटातून यायला वेळ जातो, तो धरूनच निघा.