स्ट्रेंग्थ ८०%, क्वालिटी ०: फ्री डिशची छत्री नीट बसली आहे ना?

नाही. स्ट्रेंग्थ म्हणजे केबलमधून बॉक्सपर्यंत किती पॉवर आली, एवढंच. त्यात एलएनबीचा (छत्रीसमोरच्या दांड्यावर सिग्नल पकडणारी डबी) स्वतःचा नॉइजही मोजला जातो, म्हणून छत्री भिंतीकडे वळवली तरी आकडा झकास दिसतो! बिनचूक डेटा किती मिळतो ते क्वालिटी सांगते, बघायची तीच.

उपग्रह जीसॅट-१५, ९३.५ अंश पूर्व. बॉक्समध्ये एलएनबी ९७५०/१०६०० ठेवा. फ्री डिशची एक फ्रिक्वेन्सी ११०९० मेगाहर्ट्झ; ११०९० वजा ९७५० म्हणजे १३४० मेगाहर्ट्झ, तीच फ्रिक्वेन्सी केबलमधून खाली येते. बॉक्समधला एलएनबीचा आकडा चुकला तर छत्री अचूक असूनही क्वालिटी शून्यच.

मग छत्री केसभर सरकवा आणि दोन-तीन सेकंद थांबा. लॉक व्हायला, म्हणजे बॉक्सने सिग्नल पकडायला, वेळ लागतो. घाई केली की हाती आलेला सिग्नल निसटतो. स्क्यूसाठी, म्हणजे सिग्नलच्या उभ्या-आडव्या कलाशी जुळवायला, एलएनबी सगळ्यात शेवटी फिरवा.