मानसिक आजाराचा क्लेम नाकारला? आधी फाइल मागवा

कॅनडाच्या ऑन्टारियो प्रांतातील कामगार-भरपाईच्या अपिलांविषयी आलेल्या प्रश्नांपैकी काही.

प्रश्न : सुपरवायझरच्या रोजच्या अपमानांमुळे मला नैराश्य आलं. भरपाई मंडळाने, म्हणजे डब्ल्यूएसआयबीने, क्लेम नाकारताना 'घटस्फोट हेच मुख्य कारण' असं लिहिलंय. आधार कुणाचा, तर मला कधीच न भेटलेल्या डॉक्टरांच्या मताचा. असं चालतं का?

कागद पाहून मत देणं बेकायदा नाही. पण ज्या मतावर निर्णय उभा आहे, ते तुम्हाला दिसलं पाहिजे आणि त्याला उत्तर देता आलं पाहिजे. आधी हरकतीचा अर्ज पाठवा; मुदत निर्णयापासून सहा महिने आहे. वाद सुरू असताना फाइलची प्रत मिळणं हा तुमचा कायदेशीर हक्क आहे.

फाइल हाती आली की त्या डॉक्टरांना नेमके कोणते कागद दिले होते, हे बघा. फॅमिली डॉक्टरांच्या टिपणातली घटस्फोटाची एक ओळ त्यांच्यापुढे होती, पण सुपरवायझरच्या ईमेल नव्हत्या, असं आढळलं तर तोच तुमचा सर्वांत भक्कम मुद्दा. ते मत आणि त्या ईमेल तुमच्या मानसोपचारतज्ज्ञांकडे द्या आणि मुद्देसूद उत्तर लिहून घ्या. झोप कधी उडाली, रजा कधी सुरू झाली, घटस्फोट कधी झाला, हा क्रम त्यात तारखांसह हवा. कामावरचा ताण 'मुख्य' कारण असावा लागतो. बाकीच्या सगळ्या कारणांच्या बेरजेपेक्षा तो मोठा असलाच पाहिजे, असं मंडळाचं धोरणही म्हणत नाही. दोन्ही बाजूंचा पुरावा जवळपास तुल्यबळ ठरला, तर कायद्याने कौल क्लेम करणाऱ्याच्या बाजूने द्यायचा असतो.

प्रश्न : कंपनीला माझ्या समुपदेशनाची टिपणं हवी आहेत. त्यात माझ्या लहानपणाबद्दलही बरंच आहे.

कंपनी वादात पक्षकार असेल तर ती वैद्यकीय कागद मागू शकते, पण ते देण्याआधी मंडळाने तुम्हाला कळवायचं असतं आणि तुम्ही हरकत घेऊ शकता. सरसकट 'नको' लिहू नका. पानांचे क्रमांक देऊन प्रत्येक मजकुराचा वादाशी संबंध का नाही, ते सांगा. मिळालेली माहिती तुमची ओळख उघड होईल अशा रीतीने कुणाला देण्याची कंपनीला मुभा नाही. माणसाने डॉक्टरपाशी मोकळं केलेलं मन मॅनेजरच्या टेबलावर जाणं ही फार गंभीर गोष्ट आहे, तेव्हा इथे संकोच करू नका.

प्रश्न : बदली झाली आणि माझी तब्येत ढासळली. क्लेम होईल का?

नुसत्या बदलीवर, शिस्तभंगाच्या कारवाईवर किंवा नोकरीवरून काढण्यावर होत नाही. कायद्यानेच ते वगळलं आहे. बदलीच्या आडून छळ झाला असेल तर गोष्ट वेगळी, आणि तो छळ स्वतंत्रपणे दाखवावा लागतो.

प्रश्न : प्रकरण आता अपील न्यायाधिकरणापुढे आहे. त्या सुपरवायझरसमोर बसून बोलायच्या कल्पनेनेच छातीत धडधडतं.

सुनावणीच्या बऱ्याच आधी, डॉक्टरांच्या पत्रासह, लेखी विनंती करा : व्हिडिओवरून सुनावणी, मधे विश्रांती, साक्ष देताना तो समोर नसावा. कंपनीच्या वकिलाला उलटतपासणी घेऊ द्यावी लागेल, कारण ऐकून घेतलं जाण्याचा हक्क त्या बाजूलाही आहे. पण ती कशा पद्धतीने व्हावी, हे सुनावणी घेणारं पॅनेल ठरवू शकतं. न्यायाधिकरणापुढे प्रकरण नव्याने ऐकलं जातं, त्यामुळे मंडळापुढे मांडायचं राहिलेलं इथे मांडता येतं. युनियन नसेल तर ऑफिस ऑफ द वर्कर ॲडव्हायझर या सरकारी कार्यालयाकडे मोफत प्रतिनिधीसाठी विचारा. सुनावणीची तारीख पडेपर्यंत थांबू नका.