ईसीयू ‘आतून’ गेलाय म्हणतात? मग तपासणीआधी तो बदलू नका

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका वाचकाचा प्रश्न आलाय. अकरा लाखांची ऑटोमॅटिक गाडी, वॉरंटी चालू आहे, गगनबावड्याच्या घाटात गाडी एकाच गिअरला अडकते आणि चेक इंजिनचा दिवा लागतो. सर्व्हिस सेंटर म्हणतं इंजिन-गिअरचा ईसीयू, म्हणजे ते चालवणारा छोटा कॉम्प्युटर, आतून गेलाय, पण बाहेरून फॉग लॅम्प बसवलेत म्हणून वॉरंटी नाही. पैसे भरून पार्ट बदलून घेऊ आणि मग केस टाकू का, असं ते विचारतात. अशा चौकश्या सारख्या येतात.

नका बदलू. जुना ईसीयू सर्व्हिस सेंटरच्या ताब्यात गेला की तुमचा मुख्य पुरावाच गेला. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ चं कलम ३८(२)(सी) बघा, वस्तूतला दोष तपासणीशिवाय ठरत नसेल तर ग्राहक कमिशन ती वस्तू सील करून लॅबला पाठवतं आणि रिपोर्ट ४५ दिवसांत मागवतं. वस्तूच नसेल तर पाठवणार काय?

आणि ‘आतून गेलाय’ हे स्कॅनरवर दिसणाऱ्या नुसत्या बिघाडाच्या कोडवरून ठरत नाही. पी०६०१ ते पी०६०६ हे कोड ईसीयूच्या मेमरी, प्रोग्रॅमिंग किंवा प्रोसेसरचा दोष दाखवतात, पी०७०० फक्त गिअरच्या बाजूला काहीतरी बिघडलंय एवढंच सांगतो. पण बॅटरी डाऊन असली, अर्थिंग सैल असलं, कनेक्टरमध्ये पाणी गेलेलं असलं, एखाद्या सेन्सरने ५ व्होल्टची लाईन शॉर्ट केली तरी असे कोड येऊ शकतात. हे सगळं तपासून मगच ईसीयूला दोष द्यायचा असतो. ते तपासल्याची नोंद तुमच्या जॉबकार्डवर, म्हणजे सर्व्हिस सेंटरच्या कामाच्या कागदावर, आहे का? तुम्ही पाठवलेल्या फोटोत तर नुसतं ‘ईसीयू रिप्लेस’ लिहिलंय आणि खाली तुमची सही आहे, न वाचता केलेली. त्यात तुम्ही उद्यमनगरात दोनदा कोड डिलीट करून घेतलेत, त्यासोबत फ्रीझ फ्रेमचा डेटा पण गेला, म्हणजे बिघाडाच्या क्षणी व्होल्टेज, स्पीड काय होतं त्याची नोंद गेली. असं का करता हो! आता तरी स्कॅनरला हात लावू देऊ नका.

फॉग लॅम्पच्या वायरिंगमुळेच बिघाड झाला हे त्यांनी दाखवावं असं आपण मांडू, पण ते टिकेल का हे वॉरंटी बुकातल्या शब्दांवर आहे, ते पान पाठवा.

गाडीवाचून अगदीच अडत असेल तर आधी लेखी कळवा की जुना युनिट मला परत पाहिजे, पार्ट नंबर आणि सिरीयल नंबरचा फोटो काढा, युनिट दोघांच्या सह्या घेऊन सील करा. ते नाही म्हणाले तर त्याच कायद्याच्या कलम ३८(८) खाली कमिशनकडे अंतरिम, म्हणजे निकालाआधीचा तात्पुरता, आदेश मागता येतो, मिळेलच असं नाही.

तक्रार आणि तपासणीचा अर्ज एकाच दिवशी द्या. लोक तक्रार टाकतात आणि तपासणीचा अर्ज दीड वर्षाने करतात, तोवर गाडी विकलेली असते. तपासणी असली तर निकाल ५ महिन्यांत लागावा असं कायदा म्हणतो, प्रत्यक्षात तारखांवर तारखा पडतात आणि त्याचा मलाही संताप येतो. तक्रार टाकायची मुदत २ वर्षांची आहे, ती पहिल्या जॉबकार्डच्या तारखेपासून धरून चला. फी ४०० रुपये, तपासणीचा खर्च वेगळा भरावा लागू शकतो.