सभामंडपात माईक शिट्टी मारतो, इक्वलायझर घेऊन फरक पडेल का?

तुमचा प्रश्न असा आहे की विठ्ठल मंदिरापुढे स्लॅबचा सभामंडप बांधल्यापासून कीर्तनात आवाज घुमतो, महाराजांचा माईक थोडा वाढवला की शिट्टी येते आणि दुकानदार ३१ बँडचा इक्वलायझर (जाड-बारीक आवाजाच्या ३१ पट्ट्यांसाठी प्रत्येकी एक सरकती दांडी असलेलं यंत्र) घ्या म्हणतोय. सप्ताहांना साऊंड लावण्याचंच काम मी करतो, म्हणून सांगतो: घ्या, पण आधी स्पीकरच्या पेट्या हलवा.

शिट्टी येते कारण पेटीतून निघालेला आवाज परत माईकमध्ये शिरतो, पुन्हा वाढून बाहेर येतो आणि हे चक्र थांबत नाही. एका मंदिरात मी तासभर इक्वलायझरच्या दांड्या खालीवर करत बसलो होतो. मग लक्षात आलं की उजवी पेटी टाळकऱ्यांच्या मागे आहे, तिचं तोंड थेट महाराजांच्या माईककडे. ती उचलून त्यांच्या पुढे, श्रोत्यांच्या बाजूला ठेवली आणि शिट्टी तिथेच गेली. पेट्या नेहमी माईकच्या पुढे हव्यात, तोंड माणसांकडे किंचित खाली झुकलेलं. छताकडे तोंड केलं की घुमणं वाढतंच.

माईक तोंडाजवळ हवा. अंतर निम्मं केलं की माईकमध्ये जाणारा आवाज सुमारे ६ डेसिबलने वाढतो, तेवढा मास्टर, म्हणजे मिक्सरवरचा एकूण आवाज, खाली घेता येतो. चालू माईक दुप्पट झाले की शिट्टीआधीची जागा सुमारे ३ डेसिबलने घटते, म्हणून निरूपण चालू असताना टाळकऱ्यांचे माईक खाली घ्या. माईकची जाळी कुणी मुठीत धरत असेल तर हात जोडून सांगा, त्याने मागचा आवाजही माईक ओढायला लागतो.

आता इक्वलायझर. सगळ्या दांड्या मध्यावर ठेवा, कीर्तनात असतील तेवढे माईक त्यांच्या जागी चालू ठेवा आणि मास्टर हळूहळू चढवा. मंडप 'ऊं' करून गुणगुणायला लागला की थांबा. तो सूर ओळखायला आमचे हार्मोनियमवाले बुवा माझ्या फार कामी येतात. हार्मोनियम ४४० हर्ट्झला मिळवलेली असेल, तर मधल्या सप्तकातली पांढरी एक (इंग्रजी C ची पट्टी) म्हणजे साधारण २६१ हर्ट्झ, तिच्यासाठी २५० ची दांडी. त्याच्या वरच्या सप्तकातल्या पांढरी एकसाठी ५०० ची, त्याच्याही वरचीसाठी १००० ची. पांढरी पाच असेल तर ४०० ची. सप्तकाचा घोळ झाला तर दुप्पट आकड्याची दांडीही तपासा. सापडलेली दांडी ३ डेसिबल खाली घ्या, मास्टर पुन्हा चढवा, पुढचा सूर पकडा. चार-पाच सूर झाले की हात आवरा, नाहीतर महाराज डब्यातून बोलल्यासारखे ऐकू येतात. आणि शेवटी मास्टर थोडा खाली आणा, अगदी काठावर ठेवू नका.

बोलण्याच्या माईकला मिक्सरवर लो कट असेल तर तो दाबा, ८० ते १०० हर्ट्झच्या खालचा गडगडाट जातो. पखवाजाच्या माईकला मात्र तो लावू नका, धुम्याचा, म्हणजे डाव्या जाड आवाजाच्या बाजूचा, घुमारा मरतो.

घुमण्याबद्दल खरं सांगायचं तर ते इक्वलायझरने जात नाही. स्लॅब, फरशी आणि ग्रॅनाइटवर आपटून आवाज रेंगाळतो, मागे बसलेल्या म्हाताऱ्या माणसांना अभंगाचा शब्द कळत नाही, आणि माझा जीव तिथेच तुटतो. २०० च्या आसपासच्या दांड्या थोड्या खाली घेतल्या तर शब्द जरा मोकळा होतो, पण खरा फरक सतरंज्या आणि मागच्या भिंतीवर चुण्या घालून लावलेल्या जाड पडद्यांनी पडतो. माणसंही आवाज शोषतात, म्हणून दुपारी रिकाम्या मंडपात जुळवलेला आवाज रात्री गर्दीत वेगळा लागतो. महाराज उभे राहायच्या आधी, भजन चालू असतानाच मागे जाऊन एकदा ऐका.

सगळं जमलं की दांड्यांचा फोटो काढून ठेवा. सात दिवसांत कुणाचा तरी हात लागतोच.