फ्रीलान्स कॉन्ट्रॅक्ट मध्येच सोडून नव्या क्लायंटकडे जावं का?

तुम्ही विचारलंय: सहा महिन्यांचं कॉन्ट्रॅक्ट आहे, तीन झालेत, नवा क्लायंट जास्त पैसे देतोय आणि लगेच या म्हणतोय. सोडलं तर चुकीचं ठरेल का, आणि जुन्या क्लायंटला कारण काय सांगू?

खरं सांगायचं तर पहिल्या अर्ध्या प्रश्नासाठी मी लिहायला बसलेच नसते. नोटीसचं कलम आहे ना? मग द्या नोटीस आणि निघा. ते कलम करारात शोभेला ठेवलेलं नसतं. पण "कारण काय सांगू" वाचलं आणि माझी आजारी आत्या आठवली.

मी व्हिडिओ एडिटर आहे. काही वर्षांपूर्वी दहा भागांची एक माहितीपर मालिका एडिट करत होते. काम मिळवून दिलं होतं आमच्या एका सिनियरने, ज्यांना आम्ही सगळे दादा म्हणतो. करार साधाच होता. प्रत्येक भागाचे पैसे तीन टप्प्यांत: रफ कटला, म्हणजे पहिल्या कच्च्या जोडणीला, 40 टक्के, पिक्चर लॉकला, म्हणजे दृश्यं पक्की ठरली की, 40, फायनल डिलिव्हरीला 20. आणि दोन्ही बाजूंना 15 दिवसांची लेखी नोटीस. सहावा भाग देऊन झाला होता, सातव्याचा रफ कट निम्मा झाला होता, आणि मला एका मोठ्या डॉक्युमेंटरीसाठी विचारणा आली. तोवर इतकं मोठं काम मला कुणी दिलं नव्हतं. दहा मिनिटांत हो म्हणून मोकळी झाले.

नोटीस मी नीट दिली, तारखेसकट. फक्त खाली लिहिलं की घरी आत्या फार आजारी आहे. कुणी विचारलंही नव्हतं! कारण द्यावं असं करारात कुठेच नव्हतं. पण नुसतं "मी थांबते आहे" लिहायला हात धजेना, म्हणून बसल्या बसल्या एक आत्या आजारी पाडली. क्लायंट बिचारा भला माणूस. म्हणाला, पंधरा दिवस कसले थांबताय, परवा जे असेल ते देऊन घरी जा. आता नाही कसं म्हणणार?

म्हणजे ज्या हँडओव्हरला माझ्या हक्काचे पंधरा दिवस होते, तो दोन दिवसांत उरकावा लागला.

जे या कामात नाहीत त्यांच्यासाठी सांगते: एडिटिंगच्या प्रोजेक्ट फाइलमध्ये फुटेज नसतं. कुठली क्लिप कुठल्या ड्राइव्हवर, कुठल्या फोल्डरमध्ये आहे, एवढे पत्तेच असतात. सगळं एका जागी गोळा करून द्यायची सोय सॉफ्टवेअरमध्येच असते, पण फुटेज भरपूर असलं की त्याला तास न् तास लागतात. माझं फुटेज होतं तीन ड्राइव्हवर, आणि संगीत, लाजिरवाणं आहे पण आहे, माझ्या लॅपटॉपच्या डाउनलोड्समध्ये. मी घाईघाईत प्रोजेक्ट फाइल आणि सगळ्यात मोठी हार्ड डिस्क देऊन टाकली. माझ्या जागी आलेल्या नव्या मुलाने सातवा भाग उघडला तर जिकडे तिकडे लाल पडदा: मीडिया ऑफलाइन. टाइमलाइनवर तीनशेच्या वर तुकडे, त्यातले निम्मे आंधळे. फॉन्ट नाहीत, त्यामुळे नावांच्या पट्ट्या भलत्याच दिसतायत.

त्याने फोन केला तेव्हा मी नव्या क्लायंटच्या एडिट रूममध्ये होते. मी "हॅलो" म्हणते तोच मागून डायरेक्टर ओरडला, "चौथा टेक परत लाव गं!" दुसऱ्या दिवशी जुन्या क्लायंटची एका ओळीची मेल आली: "आत्या कशा आहेत?"

आठवड्याभरात हे दादांपर्यंत पोचलं. त्यांचं म्हणणं आजतागायत एकच: मी तुझ्यासाठी शब्द टाकला होता, घेतलेलं काम पुरं केल्याशिवाय उठायचं नसतं, तू माझं नाक कापलंस. माझं म्हणणंही एकच. याच क्लायंटने याच मालिकेत तिसऱ्या भागानंतर कलरिस्टला, म्हणजे दृश्यांचे रंग नीट करणाऱ्याला, असंच 15 दिवसांत मोकळं केलं होतं. तेव्हा दादा म्हणाले होते, "धंदा आहे, चालायचंच." मग त्याने केलं तर धंदा आणि मी केलं तर नाक? कलम दोघांना सारखं आहे. आत्याच्या बाबतीत मात्र ते मला हवं तेवढं बोलू शकले असते, माझ्याकडे उत्तर नव्हतं. गंमत म्हणजे ते आत्याबद्दल कधी बोलतच नाहीत.

तर तुमचं. कारण सांगू नका. "करारातल्या अमुक कलमानुसार नोटीस देत आहे, माझा शेवटचा दिवस अमुक, तोवर हे हे पूर्ण करून देईन, हे राहील, त्याचा हँडओव्हर अमुक तारखेला." बस. फोनवर विचारलंच तर "दुसरं काम घेतलंय" म्हणा. खरं आहे आणि लक्षात ठेवावं लागत नाही.

तासावर काम करत असाल तर प्रश्नच नाही, शेवटच्या दिवसापर्यंतचं बिल लावा. टप्प्यांवर पैसे असतील तर टप्पा संपवूनच उठा. अर्धा टप्पा म्हणजे भांडण, कारण पैसे मंजुरीवर असतात आणि अर्धवट कामाला मंजुरी कोण देणार? ॲडव्हान्स घेतला असेल तर त्याचा हिशोब तुम्हीच आधी पाठवा, त्यांनी मागण्याआधी. आणि पैसे अडकले म्हणून फायली अडवून बसू नका. हे करणारे लोक मी पाहिलेत, त्यांचे पैसेही सुटत नाहीत.

हो, आणि नव्या क्लायंटची सही आणि ॲडव्हान्स हातात आल्याशिवाय जुन्याला नोटीस द्यायची नाही. "लगेच या" म्हणणाऱ्याला नोटीसचे दिवस सांगून बघा. तेवढंही थांबत नसेल तर उद्या तुमच्या बिलाला तो किती घाई करेल याचा अंदाज येईल.

आता एक राहिलं, जे खरं तर आधी लिहायला हवं होतं: करारात नोटीसचं कलम आहे हे मी गृहीतच धरलं. नसेल तर वरचं निम्मं विसरा. मग मध्येच उठणं हा करारभंग ठरू शकतो आणि तुमच्या जागी दुसरा माणूस घ्यायला लागलेला जादा खर्च ते मागू शकतात. अशा वेळी बोलून, दोघांच्या संमतीने, लेखी संपवा. नवा क्लायंट जुन्याचा स्पर्धक असेल किंवा त्याच्याच ओळखीतून आला असेल तर त्याबद्दलची कलमंही वाचा. मी वकील नाही, रक्कम मोठी असेल तर वकिलाला करार दाखवा.

आणि दादा, तुम्ही इथे वाचता हे मला माहीत आहे. त्या रात्री त्या मुलाबरोबर स्क्रीन शेअर करून पहाटे चारपर्यंत सातवा भाग मीच जोडून दिला होता. त्याचं बिल लावलं नाही. विचारा त्याला.