कुंपण बंद होत नाही म्हणतेस नं, मग हे वाच

पोरी,

परवा रात्री साडेअकराला तुझ्या प्राणिसंग्रहालयाच्या कॉम्प्युटर गेमचे अकरा फोटो आले आणि खाली एकच ओळ, काका मी गेम उडवला, जमूनच नाही राहिलं. तेव्हा उत्तर दिलं नाही कारण मोबाइलवर काही नीट दिसत नव्हतं, काल दुकान उघडायच्या आधी कॉम्प्युटरवर एकेक फोटो मोठा करून बघितला, दोन तर प्रिंट काढून पेन्सिलीनं खुणा केल्या. गेम उडवला तरी सेव्ह फाइल बहुतेक वेगळ्या फोल्डरमधे राहते, आधी ती शोध, पेनड्राइव्हवर कॉपी घे आणि मग पुढचं वाच.

तुझा राग खरा आहे हे पहिले सांगतो. मी पंचवीस वर्षं झाली घरांचे, गोठ्यांचे, गोडाऊनचे नकाशे काढतो, कॅड म्हणजे कॉम्प्युटरवर नकाशे काढायचं सॉफ्टवेअर शिकलो तेव्हा मीही रात्र रात्र एका रेषेपायी बसलो आहे, आणि हा प्राणिसंग्रहालयाचा गेम मी स्वतः दोन हिवाळे खेळलो. त्याचं बांधायचं टूल हट्टी आहे, बाप्पा. रस्ता लाल होतो, कुंपण बंद नाही म्हणते, तळ्यात पाणी भरत नाही, भिंत अर्धा फूट बाजूला सरकते. आणि प्रत्येक वेळी एक तुटक मेसेज येतो, त्यात काहून नाही ते सांगत नाही. तर तुला एकच गोष्ट धरायला सांगतो. टूल नाही म्हणतं तेव्हा ते आतल्या आत काहीतरी मोजून नाही म्हणतं, चढ मोजतं, अंतर मोजतं, नाहीतर दोन टोकं जुळली का ते तपासतं. ते काय मोजून राहिलं हे ओळखलं की निम्मा राग तिथंच उतरतो. तू तोच रस्ता त्याच जागी परत परत ओढून राहिली, चौथ्या, पाचव्या आणि सहाव्या फोटोत तर कॅमेरासुद्धा हलला नाही.

आता दुसरा फोटो घे. तू चिखलदऱ्यासारखा डोंगर केला, लय सुंदर केला खरंच, वर मचाण, तिथून खाली गव्यांचा कळप दिसावा अशी जागा, आणि खालच्या रस्त्यापासून थेट मचाणापर्यंत सरळ रस्ता ओढला. परतवाड्याहून एसटीनं चिखलदऱ्याला गेलीस ते आठव, गाडी एकदा तरी नाकासमोर वर चढली का? वळणं घेत घेतच जाते. डोंगरातल्या रस्त्याला आपल्याकडे साधारण २० ला १ असा चढ धरतात, २० मीटर पुढं गेलो की १ मीटर वर. व्हीलचेअर जाईल असा उतार करायचा तर १२ ला १. तुझं मचाण ६ मीटर उंच आहे असं धरलं, तर व्हीलचेअरच्या हिशोबानं ७२ मीटर रस्ता लागतो आणि घाटाच्या हिशोबानं १२०. तू दिला १० मीटर. गेम इतका कडक नाही, बराच उभा चढ चालवून घेतो आणि नाहीच जमलं तर पायऱ्या करतो, पण पायऱ्यांनाही हद्द आहे, म्हणून तो लाल झाला. ह्याला बग, म्हणजे प्रोग्रॅममधली चूक, नको म्हणू, ही भूमिती आहे.

ह्याला उपाय असा. रस्त्याच्या टूलला हात लावायच्या आधी जमिनीच्या टूलनं डोंगराच्या अंगाला आडवे सपाट पट्टे पाड, दोन किंवा तीन, आणि जिथं वळण येणार तिथं जरा मोठा सपाट चौक ठेव कारण वळणावरच चढ आला की टूल गोंधळतं. मग रस्ता वरून खाली ओढ. वरूनच, कारण मचाणाची उंची ठरलेली आहे, खालचं टोक मात्र पाच-दहा मीटर इकडं तिकडं झालं तरी चालतं, आणि आपण नेमकं उलटं करतो, सोप्या टोकापासून निघतो आणि अवघड टोकाला येऊन अडकतो.

ह्या टूलांचा त्रास आला कुठून तेही सांगतो. १९९९ चा रोलरकोस्टर टायकून घे किंवा २००१ चा झू टायकून घे, तिथं सगळी जमीन चौकोनांची होती, बुद्धिबळाच्या पटासारखी, कुंपण चौकोनाच्या कडेवरच बसायचं, रस्ता म्हणजे एक पूर्ण चौकोन. फट राहायला जागाच नव्हती. पण वळणदार काही करता येत नव्हतं. आताच्या गेममधे तुला वाटेल तसा रस्ता वाकवता येतो, तो म्हणजे एक रिबन समज, आणि कॉम्प्युटरला त्या रिबनचे बारीक बारीक त्रिकोण करून पृष्ठभाग बनवावा लागतो, त्यावरून माणसं चालतील अशी वाट वेगळी काढावी लागते, आणि दोन रिबनी अगदी चिंचोळ्या कोनात भेटल्या किंवा शेजारी शेजारी खेटून गेल्या की तो जोड त्याला जमत नाही. तुझ्या आठव्या फोटोतला चौक तसाच फुगला आहे नं, चारही रस्ते तिरपे येऊन मिळाले. चौक करायचा तर तेवढ्या जागेपुरतं ग्रिड, म्हणजे चौकोनांची जाळी, चालू कर, चौकोनी तुकडे जोडून सपाट चौक कर, आणि त्यातून बाहेर निघणारे रस्ते ग्रिड बंद करून वळव.

आता कुंपण. ह्याच्यावर जरा जास्त लिहितो कारण तू इथंच सोडून दिलं.

मागच्या रब्बीत माझ्या मामेभावानं हरभऱ्याला सोलरचं झटका मशीन, म्हणजे कुंपणाच्या तारेत विजेचा झटका सोडणारं, लावलं, रानडुकरं आणि रोही म्हणजे नीलगाई दोन्ही येत होते. खांब सरळ, तारा ताणलेल्या, धुऱ्यावर उभं राहून पाह्यलं तर नजर लागावी असं काम. तरी रोज सकाळी डुकरानं उकरलेलं. मशीन खराब आहे म्हणून तो दुकानदाराशी भांडायला निघाला होता. मी म्हटलं थांब, आणि आम्ही दोघं तारेच्या कडेकडेनं पूर्ण वावर फिरलो. नाल्याजवळ एक छोटी घळ आहे, तिच्या दोन्ही अंगाला खांब होते आणि तार एका खांबावरून दुसऱ्या खांबावर सरळ गेली होती, पण खाली जमीन दीड हात खोल. मी बसलो तेव्हा दिसलं, ओल्या मातीत खुरांचे ठसे, एकावर एक, आणि खालच्या तारेखालून आरामात जाईल असा गुळगुळीत झालेला रस्ता. उभ्यानं पाह्यलं तर तार बंद दिसत होती. घळीत एक खांब रोवला, जमिनीच्या उतारानं एक तार जास्तीची ओढली, डुकरं बंद.

तुझ्या तिसऱ्या फोटोत अगदी हेच आहे. तू कुंपण आधी घातलं आणि जमीन नंतर खोदली, त्यामुळं ओढ्याच्या जागी कुंपण वर लटकलं आहे, आणि तू वरून पाहून राहिली म्हणून बंद दिसून राहिलं. कॅमेरा खाली आण, माणसाच्या डोळ्याच्या उंचीला, शक्य असलं तर गुडघ्याच्या, आणि दारापासून निघून पूर्ण चक्कर मार. पण चक्कर मारूनही फट सापडत नसली तर बोअरची केबल कुठं तुटली ते वायरमन कसा शोधतो ते कर. तो पूर्ण केबल उकरत नाही, मधे तपासतो, जो अर्धा चांगला निघाला तो सोडतो आणि उरलेल्याचा परत अर्धा करतो. तूही वाघाच्या त्या मोठ्या आवाराच्या मधोमध एक तात्पुरतं आडवं कुंपण टाक. दारवाला अर्धा बंद झाला असं गेमनं मान्य केलं तर फट दुसऱ्या अर्ध्यात आहे, नाही केलं तर ह्याच अर्ध्यात. आडवं कुंपण सरकवत जा, चार-पाच वेळात नेमका तुकडा हाती येतो. तो तुकडा ओढूनताणून दुरुस्त करू नको, पूर्ण काढ आणि नवीन घाल, टोकावर टोक खटकन चिकटलं पाहिजे. दोन फटी असल्या तर दोनदा करावं लागेल, तेवढं आहे.

आणि त्याच आवारात कुंपणाला लागून मोठे खडक ठेवलेस, दिसायला छान आहेत पण त्यावर चढून वाघ बाहेर पडेल. आपल्याकडं भिंतीला लागून कुटाराचा ढीग ठेवला तर बकरी भिंतीवर जाते, तसंच. खडक आत सरकव. किंवा कुंपणच दिसू द्यायचं नसलं तर खंदक कर, ही कल्पना गेमवाल्यांची नाही, जर्मनीत हॅम्बुर्गजवळ कार्ल हागेनबेक नावाच्या माणसानं १९०७ मधे गजांच्या पिंजऱ्यांऐवजी खंदक ठेवून प्राणिसंग्रहालय उघडलं, बघणाऱ्याला वाटायचं सिंहाच्या आणि आपल्या मधे काहीच नाही. तुझ्या मचाणाखाली तशी जागा आहे. नागपूरला गेलीस तर गोरेवाड्याची सफारी बघून ये, २६ जानेवारी २०२१ ला सुरू झाली, तिथं उलटं आहे, माणसं बसमधे बंद आणि वाघ, बिबट, अस्वल मोकळ्या जागेत. जाताना कुंपण जमीन कुठं सोडतं, वळणावर खांब कसा रोवला, झाडं कुंपणापासून किती लांब आहेत ते बघ, वही ने सोबत. महाराजबाग पण बघ, ती कृषी विद्यापीठाकडं आहे, जागा लहान आहे म्हणून रस्ते कसे फिरवले ते शिकण्यासारखं आहे.

भिंतीचं थोडक्यात सांगतो. तुझी तिकीटघराची भिंत आणि बाजूच्या दुकानाची भिंत जुळत नाही कारण ती गेमच्या दृष्टीनं दोन वेगळ्या इमारती आहेत आणि प्रत्येक इमारतीचा पहिला तुकडा जसा ठेवशील तशी त्या इमारतीची जाळी ठरते. गवंडी पहिला दोरा बांधतो आणि कोपऱ्यात ३ फूट, ४ फूट, ५ फूट मोजून काटकोन पक्का करतो, तो दोरा चुकला की पुढची प्रत्येक खोली वाकडी. म्हणून नवीन इमारत सुरू करू नको, जुनीला एडिटमधे उघड आणि तिच्यातच तुकडे जोडत जा, नंतर वेगळं करता येतं.

आपल्या काळ्या मातीत पाया मुरूम लागेपर्यंत खोदतात, तुझ्याही घराचा तसाच आहे, तुझ्या बाबांना विचार. वरची माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगा पडतात, तिच्यावर भिंत उभी केली तर भिंतीलाही भेगा जातात. गेममधे माती फुगत नाही, पण तू जमीन नंतर हलवतेस म्हणजे तेच करतेस, पाया घातल्यावर खालची माती बदलतेस. आधी डोंगर, ओढा, तळं पूर्ण कर, पाणी भरून बघ, तळ्याची काठाची कड एका ठिकाणी जरी खाली असली तरी ते भरणार नाही, मग रस्ते, मग कुंपण, मग इमारती, झाडं आणि खडक सगळ्यात शेवटी. दहाव्या फोटोत तू सागाची झाडं लावून झाल्यावर रस्ता टाकला आणि झाडं गेली म्हणून रडलीस. ते वाईट वाटलं मला, तीन संध्याकाळी गेल्या असतील त्यात.

आता जिथं खरंच टूलची चूक आहे तिथं मी तुझ्याच बाजूनं आहे. डोंगराचे कडे नेहमी गोळे गोळे होतात, धारदार येतच नाहीत, कारण अशा गेममधे बहुतेक वेळा जमीन आतून ठराविक जाडीच्या जाळीवर ठेवलेली असते आणि त्यापेक्षा बारीक धार तिला माहीतच नाही, तिथं वेळ घालवू नको, खडकाचे तुकडे लावून झाक. मेसेज तुटक येतात ही त्यांची चूक. तुझ्या अकराव्या फोटोत कुंपण बंद आहे, दार आहे, कर्मचाऱ्यांचा रस्ता जोडलेला आहे आणि तरी तो नाही म्हणतो, मला तिथं काही सापडलं नाही, तो बग वाटतो. तो लिहून पाठव, बनवणाऱ्यांना. चिडून नको लिहू, काय केलं, काय व्हायला पाहिजे होतं, काय झालं, एवढंच, सोबत फोटो आणि सेव्ह फाइल. इंग्लिश जमलं नाही तर मला दाखव, आपण दोघं मिळून लिहू. नीट लिहिलेल्या तक्रारीवर कोणीतरी बसतं, नुसत्या शिव्यांवर नाही बसत.

लाइटचं पण. तुमच्या फीडरवर संध्याकाळी कधीही जाते, आणि तू एकाच नावावर सेव्ह करत जातेस. जमिनीला मोठा हात लावायच्या आधी दर वेळी नवीन नावानं सेव्ह कर, डोंगर १, डोंगर २, असं. मागं यायला जागा असली की हात मोकळा चालतो, आणि तुझा हात चांगला आहे, तो डोंगर मी प्रिंट काढून दुकानात लावला, दोन गिऱ्हाइकांनी विचारलं हे मेळघाटात कुठं आहे म्हणून.

गेम परत टाक. नेट स्लो असलं तर रात्री माझ्याकडं लावून ठेवू. तिसऱ्या फोटोपासून सुरू कर, ओढ्याजवळचा डावीकडचा खांब, मी पेन्सिलीनं गोल केला आहे, फोटो काढून पाठवतो. रविवारी बाजाराला येशील तेव्हा पेनड्राइव्ह घेऊन ये, मचाणाचा रस्ता आपण एकदा कागदावर मोजून काढू.

तुझा काका