लिफ्ट बसते कुठून? आधी गळती शोधा, मग पंप खोला

प्रश्न : माझ्याकडे जुना मॅसी फर्ग्युसन 1035 ट्रॅक्टर आहे. लिफ्टने (ऑईलच्या दाबावर अवजार उचलणारे मागचे हात) दोन फाळी नांगर उचलून इंजिन बंद केलं की पाच-सात मिनिटांत नांगर जमिनीला टेकतो. इंजिन चालू असलं तर तो सारखा वरखाली मान हलवत राहतो. मिस्त्री पंप बदलायला सांगतात. बदलू का?

उत्तर : एवढ्यात नको. नांगर वर जातोय, म्हणजे पंप ऑईल देतोय. वर गेल्यावर ते कुठून तरी निसटतंय. नांगर थोडा खाली आला की पोझिशन कंट्रोलला (लिफ्ट ठरवलेल्या उंचीवर धरणारी यंत्रणा) ते कळतं, व्हॉल्व्ह उघडतो आणि पंप परत उचलतो. मान हलते ती त्यामुळे. रात्रभरात थोडी लिफ्ट बसली तर जुन्या ट्रॅक्टरला ते चालायचंच, पण पाच मिनिटांत बसणं ही चांगलीच मोठी गळती आहे.

या ट्रॅक्टरचा पंप मागच्या हाऊसिंगमध्ये, ऑईलमध्येच बुडालेला असतो. म्हणून गळती बाहेर दिसत नाही, बाजूची तपासणी प्लेट काढून पाहावी लागते. ट्रॅक्टर सपाट जागी उभा करा, हँडब्रेक लावा, चाकांना उटी द्या. प्लेटच्या खालच्या कडेखाली पातळी जाईल एवढंच ऑईल स्वच्छ डब्यात काढा. पंप तळाशी असल्यामुळे तेवढ्या ऑईलवरही लिफ्ट उचलते. आता नांगर वर घ्या. त्याच्या खाली चार बोटं जागा सोडून लाकडी ठोकळे रचा. ठोकळे टेकवू नका, भार लिफ्टवरच राहिला पाहिजे, नाहीतर गळती दिसणार नाही. इंजिन बंद करून टॉर्चने आत बघा. इंजिन चालू असताना आत पीटीओ शाफ्ट (रोटावेटरसारखी अवजारं फिरवणारा दांडा) फिरत असतो, तेव्हा हात घालायचा नाही.

वर लिफ्ट सिलिंडरच्या उघड्या तोंडातून ऑईल गळत असेल तर पिस्टनची रिंग गेली. पंपापासून वरच्या कव्हरपर्यंत जाणाऱ्या उभ्या पाइपच्या सांध्यातून येत असेल तर त्याची ओ-रिंग (गळती थांबवणारी गोल रबरी रिंग) कडक झाली, हे काम सर्वांत स्वस्त. वर सगळं कोरडं आणि पंपाच्या अंगातून धार दिसली, तर कंट्रोल व्हॉल्व्ह किंवा सेफ्टी व्हॉल्व्ह. पंप खोलायची वेळ येते ती तेव्हाच.

प्रश्न : रिंग बदलायला टॉप कव्हर काढावं लागतं म्हणतात. घरी जमेल का?

उत्तर : चेन पुली आणि सोबत एक जाणता माणूस असेल तर जमेल. कव्हर हातांनी उचलायच्या भानगडीत पडू नका. नांगर सोडवा, लिफ्ट पूर्ण खाली घ्या, सीट आणि लिफ्टिंग रॉड काढा. मग कव्हरवरची छोटी ट्रान्सफर कॅप काढून उभा पाइप वर ओढून घ्या. हे विसरून कव्हर ओढलं तर पाइप वाकतो.

कव्हर उचलण्याआधी तपासणी खिडकीतून आतल्या लिव्हरांचे मोबाईलवर फोटो काढा. कव्हरकडून येणारे रोलर पंपाच्या उभ्या लिव्हरच्या कोणत्या बाजूला आहेत, ते त्यात स्पष्ट दिसलं पाहिजे. बसवताना रोलर चुकीच्या बाजूला गेला तर लिफ्ट एक तर उचलणार नाही किंवा खाली येणार नाही, आणि सगळं पुन्हा खोलावं लागेल.

सिलिंडरमधून नख फिरवा. नख अडकेल एवढा ओरखडा असेल तर नवी रिंगही टिकणार नाही, सिलिंडर बदला. लोखंडी रिंगा असतील तर त्यांची तोंडं एका रेषेत ठेवू नका. ओ-रिंग आणि बॅकअप रिंग (ओ-रिंगला मागून आधार देणारी) असेल तर बॅकअप सिलिंडरच्या उघड्या तोंडाकडे, ओ-रिंग दाबाकडे. उलटी बसली तर दाबाने ओ-रिंग फटीत घुसते आणि कापली जाते. बसवण्याआधी रिंग ऑईलमध्ये बुडवून घ्या. पॅकिंग नवं टाका, बोल्ट आलटून-पालटून समोरासमोरचे आवळा.

प्रश्न : ट्रॅक्टर चार महिने शेडमध्ये उभा होता. आता लिफ्ट हलतच नाही. ऑईल पुरेसं आहे.

उत्तर : आधी पीटीओ लिव्हर पाहा. या ट्रॅक्टरचा पंप पीटीओ शाफ्टवरच चालतो, लिव्हर न्यूट्रलला असेल तर पंप फिरतच नाही. तो लागलेला असेल तर कंट्रोल व्हॉल्व्ह चिकटल्याची शक्यता मोठी. चालू पंपात हा व्हॉल्व्ह बारीक हलत राहतो, म्हणून मोकळा असतो. बरेच दिवस उभा राहिला की चिकट थर धरतो. इंजिन बंद ठेवून तपासणी प्लेट काढा आणि उभा लिव्हर हाताने पुढे-मागे करा. सुटला की काम झालं. हातोडी मारू नका, व्हॉल्व्हचं फिटिंग फार बारीक असतं. तरीही उचलत नसेल तर पंपाची जाळी साफ करा.

प्रश्न : सकाळी लिफ्ट छान चालते, दुपारी रोटावेटर उचलत नाही. का?

उत्तर : तापलेलं ऑईल पातळ होतं आणि झिजलेल्या जागेतून निसटतं. वर सांगितलेली तपासणी ऑईल गरम असतानाच करा, थंड असताना दोष लपतो. पातळ ग्रेडचं ऑईल भरलं असेल तरी असंच होतं. ट्रॅक्टरच्या पुस्तकातलीच ग्रेड भरा.

प्रश्न : डिपस्टिकवर ऑईल दुधासारखं दिसतं.

उत्तर : पाणी गेलंय. बहुतेक वेळा गिअर लिव्हरचा फाटलेला रबरी बूट कारण असतो, त्यातच ट्रॅक्टर प्रेशरने धुतला की पाणी आत जाणारच. रात्रभर ट्रॅक्टर उभा ठेवा, सकाळी सुरू न करता ड्रेन प्लग सैल करा, आधी खाली बसलेलं पाणी येईल. मग सगळं ऑईल काढा, जाळी धुवा, बूट बदला आणि नवीन भरा. हेच ऑईल गिअर आणि डिफरन्शियललाही जातं, त्यामुळे हा खर्च पुढे ढकलू नका.